उलाळ गाडी

नशिराबादला हायवेवर उतरून सुनंदाबाईचं फायबरचं शेड कुठे असं कोणालाही विचारा, तो आधी तुमच्या तोंडाकडे बघेल, हा मार खाऊन आलाय की खायला चाललाय म्हणून. अहो, बाईचा हातच तसा होता. जळगावचा एक शहाणा बंपर करून घ्यायला आला आणि खुर्ची ओढून म्हणाला, "घरात कोणी पुरुष माणूस नाही का बोलायला?" बाईने रेझिनमध्ये बुडवलेला ब्रश उचलला आणि त्याच्या मिशीवरून या कानापासून त्या कानापर्यंत फिरवला. मे महिन्याचं ऊन, त्यात हार्डनर घातलेलं रेझिन, ते किती वेळ ओलं राहणार? मिशी दगडासारखी झाली. न्हाव्याने ती कातडीसकट काढली म्हणतात. पण बंपर त्याने सुनंदाबाईकडूनच करून घेतला, कारण असा बंपर जळगावात दुसरं कोणी करत नव्हतं.

हा हात तिला माहेरून मिळाला नव्हता. लग्न करून आली तेव्हा ती मान खाली घालून पोळ्या करणारी पोरगी होती. नवरा तोताराम फायबरचे कूलर करायचा. माणूस कारागीर होता, पण दारू पोटात गेली की हातात येईल त्याने मारायचा. चार वर्षं तिने मार खाल्ला. मग एका दुपारी कुंदन पोटात असताना तो पट्टा काढायला लागला, तेव्हा तिने समोरचं कूलरचं दार उचललं आणि त्याच्या तोंडावर घातलं. समोरचे दात गेले, ओठ फाटला. तो रक्त थुंकत खाली बसला आणि ही त्याच्याजवळ बसून म्हणाली, "आता शिकव मला. काचेच्या तंतूंची मॅट कशी लावतात, जोड कसा बंद करतात, सगळं." शिकवलं बिचाऱ्याने. पुढे लिव्हर जाऊन मेला, पण त्यानंतर बायकोवर हात नाही टाकला कधी.

फायबरचं काम म्हणजे काचेची कुसळं. ती कोपरापर्यंत कातडीत शिरतात आणि मरेपर्यंत निघत नाहीत. सुनंदाबाईच्या हाताची खाज कधी थांबलीच नाही. लोक गमतीने म्हणायचे, म्हणूनच अक्काचा हात सारखा उठतो.

कूलरने तिला हवा शिकवली. हवा आळशी असते, असं ती म्हणायची. ओल्या गवताच्या जाळीतून जायला तिला जोर लागतो. कूलरला कुठे बोटभर फट राहिली की ती जाळी सोडून फटीतून आत शिरते, आणि पंखा गरगरत नुसती गरम फुंकर मारतो. म्हणून जोडाला फट ठेवणाऱ्या कामगाराच्या पाठीत ती लाकडी फळी घालायची. पुढे कारखान्यातले प्लास्टिकचे कूलर बाजारात आले आणि तिचे कूलर कोणी विचारेना. तेव्हा तिने तेच साचे, तेच हात गाड्यांकडे वळवले. गाडीच्या पुढचा ओठ, बाजूच्या पट्ट्या, डिकीवरचा पंख, असं सगळं ती करायला लागली. धुळ्याहून, भुसावळहून पोरं यायला लागली. त्यांना सगळ्यांना एकच पाहिजे असायचं, मागचा मोठा पंख.

"नुसता पंख नाही लावणार," ती कावायची. "बैलगाडीत मागे जास्त माल भरला तर काय होतं रे? उलाळ होते ना? जू वर, बैल लोंबकळतात! पंख हवेने मागून दाबतो, तेव्हा पुढचं तोंड हलकं होतं. मग पुढे ओठ नको का, हवेला खाली शिरू न देणारा?" पोरं म्हणायची, अक्का, ओठ गावातल्या स्पीडब्रेकरला घासतो. ती दोन शिव्या हासडायची, एखाद्याच्या कानाखाली वाजवायची, आणि शेवटी नुसता पंख लावून द्यायची. तिचा स्वतःचा कुंदन त्यातलाच. आईचं ऐकेल तर तो कुंदन कसला! त्याच्या गाडीलाही डिकीवर हा एवढा पंख, आणि पुढे काही नाही.

आणि एक गोष्ट होती जी ती सगळ्यांसाठी न विचारता करायची. होळी झाली, ऊन तापलं, की गाडीच्या पोटाखाली इंजिन झाकणारी जी काळी प्लेट असते ती काढून टाकायची. खान्देशात कोणत्याही मेकॅनिकला विचारा, तो हेच सांगेल, की उन्हाळ्यात खालून मोकळं करा, इंजिनाला वारा लागू द्या. पंचेचाळीस-सेहेचाळीसमध्ये माणूस सदरा काढतो, तर गाडीने का नाही? मग चिखलाच्या दिवसांआधी माणसं यायची आणि प्लेट परत बसवून घ्यायची. तोपर्यंत त्या प्लेटा शेडच्या मागच्या भिंतीवर तारेने टांगलेल्या असायच्या.

त्या दिवशी आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, होऊन गेली होती. सून सारिका आखाजीला साक्रीला माहेरी गेली होती, पोटुशी होती, आणि कुंदन सकाळी तिला आणायला निघाला होता. सुनंदाबाई शेडमध्ये एकटीच होती. तोतारामच्या हातचा शेवटचा कूलर तेवढा घरघरत होता. बाहेर जीप करकचून थांबली आणि बन्सीलाल उतरला. मागे त्याची दोन माणसं होती. तिघांच्या हातात रॉड.

बन्सीलाल धुळ्याचा. त्याचा धाकटा भाऊ भूपेंद्र म्हणजे कुंदनचा जिवलग, महिन्यातून दोनदा या शेडमध्ये पडलेला असायचा. सुनंदाबाई हसून म्हणाली, "ये रे बन्सी, आज इकडे कसा?" तिचं वाक्य संपायच्या आत पहिला रॉड साच्यावर बसला आणि बंपरचा अख्खा साचा दुभंगला.

"मना भाऊ दवाखानामा शे!" बन्सीलाल अहिराणीत ओरडला. त्याच्या सदऱ्यावर रक्त होतं, ते त्याचं नव्हतं. "तुना पंखनी खादं त्याले!"

एरंडोलच्या अलीकडे भूपेंद्रने ट्रॅक्टरला चुकवायला गाडी वळवली, ती वळलीच नाही. सरळ जाऊन डिव्हायडरवर चढली, तीन कोलांट्या खाल्ल्या. पत्रा कापून पोराला काढला होता आणि आता तो जळगावात ऑपरेशनच्या टेबलावर होता. हे सगळं बन्सीलालने एका दमात सांगितलं नाही. तो एक रॉड घालायचा आणि एक वाक्य बोलायचा.

दुसरी कोणी असती तर पळाली असती. सुनंदाबाईने खालचा लोखंडी पाइप उचलला आणि जवळच्या माणसाच्या गुडघ्यावर घातला. तो बोंबलत कोसळला. "माझ्या शेडमध्ये येऊन मला मारतोस, मेल्या? मी सांगितलं होतं त्याला, ओठ लाव म्हणून! पन्नासदा सांगितलं!" दुसऱ्याने मागून तिचा अंबाडा धरला. तिने त्याच्या मनगटाला दात लावले आणि मांस तुटेपर्यंत सोडलं नाही. मग बन्सीलालचा रॉड तिच्या जबड्यावर आला. दाढ निघून जिभेवर पडली. कमरेचा मोबाइल खाली पडला आणि कोणाच्या तरी बुटाखाली चुरा झाला. ती टेबलाला धरून उभी राहिली, रक्त थुंकली आणि परत पाइप फिरवला. तो बन्सीलालच्या बरगडीत बसला. तो वाकला, पण पडला नाही. गुडघा फुटलेला माणूस बसल्या बसल्या हाताला येईल त्यावर रॉड मारत होता. त्याचा एक घाव कूलरच्या अंगात बसला आणि टाकीच्या वर हातभर भगदाड पडलं.

"पंख नही तं काय?" बन्सीलाल बरगडी धरून किंचाळला. "शुद्धवर व्हता तवढामा सांगं त्यानी मले! काटा लालवर गया व्हता, इंजिन उकळी ऱ्हायंतं, आनी स्टेअरिंग हातमा हलकं फूल व्हयी गयं!"

सुनंदाबाईने पाइप उगारला होता. तो तसाच राहिला.

इंजिन उकळत होतं? तिने स्वतः प्लेट काढली होती त्या गाडीची. खालून मोकळं केलं होतं, वारा लागावा म्हणून. मग उकळेल कसं?

आणि तेव्हा तिच्या तोंडावर गरम हवा आली. कूलर चालूच होता. जाळ्या ओल्याचिंब होत्या, पाणी टपकत होतं, पण पंखा आता भगदाडातून हवा ओढत होता आणि शेडमधली तापलेली धूळ तिच्या तोंडावर फेकत होता. जाळीतून काही येत नव्हतं. कशाला येईल? सोपी वाट मिळाली होती.

अरे देवा! जन्मभर कामगारांच्या पाठी ज्याच्यासाठी फोडल्या, तेच तिने आपल्या हाताने केलं होतं. गाडीच्या तोंडातून येणारी हवा रेडिएटरच्या जाळीतून गेली तरच इंजिन गार राहतं. खालून प्लेट काढली की रस्त्यावरची हवा पोटातूनच आत घुसते, इंजिनाची पेटी भरून टाकते, आणि समोरच्या हवेला आत जायला जागाच राहत नाही. उभ्या गाडीला काही कळत नाही, गावात फिरताना काही कळत नाही. हायवेवर शंभरच्या पुढे गेलं की कळतं. पोटात भरलेली तीच हवा गाडीचं तोंड वर उचलते. मागे पंख दाबतोय, पुढे हवा उचलतेय. बैल लोंबकळल्यावर कासरा ओढून काय होणार?

तिची नजर मागच्या भिंतीवर गेली. पिवळा रंग सांडलेली प्लेट भूपेंद्रची. तिच्या शेजारची, मधोमध चिरलेली आणि तिने फायबरने सांधलेली, ती कुंदनची.

पाइप तिच्या हातातून गळाला. "बन्सी," ती म्हणाली, "फोन दे."

"मरी जाय!" तो म्हणाला आणि रॉड उचलला.

"मार. पण आधी फोन दे. पंखाने नाही केलं रे एकट्याने. मी केलं. ती प्लेट मी काढली, या हाताने. भूपेंद्रची काढली आणि कुंदनची पण काढली. तो आत्ता रस्त्यावर आहे. सारिका आहे गाडीत. तिच्या पोटात..." रक्त गळ्यात उतरलं आणि ती खोकत राहिली.

बन्सीलालने नुसतं उभं राहायचं होतं, बास. काही न करता नुसतं उभं राहिला असता तरी त्याचा हिशेब चुकता झाला असता. त्याच्या मनात ते आलंही असेल, नाही कोण म्हणेल? पण कुंदन त्याच्या घरी जेवलेला पोरगा होता. त्याने शिवी घातली, फोन काढला, कुंदनचा नंबर लावला आणि तिच्या अंगावर फेकला.

घंटी वाजायला लागली आणि सुनंदाबाईला दुसरंच सुचलं. आईच्या तोंडातून हुंदका ऐकला, तिला कोणी मारतंय असा संशय जरी आला, तर हा पोरगा काय करेल? थांबेल? अहो, तो पाय पार तळापर्यंत दाबेल! आईसारखाच होता तो.

"हां बन्सीभाऊ!" कुंदनचा आवाज आला. मागे वारा गर्जत होता.

"बन्सी नाही, तुझी आई बोलतेय गाढवा," ती रोजच्या आवाजात खेकसली. बन्सीलालने माणसांना हाताने थांबवलं. गुडघा फुटलेल्याने कण्हणं दाताखाली दाबलं.

"तू? बन्सीभाऊच्या फोनवरून? आणि आवाज असा काय तुझा?"

"मिसरी लावतेय. माझा फोन मेला. भूपेंद्रच्या गाडीच्या कामाला आलाय तो. कुठे पोहोचलास?"

"पारोळा मागे टाकलं. रस्ता मस्त मोकळा आहे, एकशेवीसवर आहे. आत्ता येतो बघ."

तिने डोळे मिटले. फुटलेल्या साच्याचा लटकलेला तुकडा नेमका तेव्हाच धाडकन खाली पडला.

"काय पडलं गं? आई, काय चाललंय तिथे?" त्याचा आवाज बदलला. आणि मागचा वारा वाढला, तिला स्पष्ट ऐकू आलं.

"तुझ्या बापाचा कूलर मोडतेय! मोडायला झालाच होता मेला!" ती ओरडली, अगदी नेहमीसारखी, आणि ओठावरून रक्त हनुवटीवर आलं. "माझं सोड. गाडीचा काटा कुठे आहे ते बघ. गरम झालीय का?"

"जरा वर आहे. घरी येऊन बघू."

"घरी काय माझं डोकं बघशील? इंजिन जाम करशील आणि आई बसेल भांडी विकत! पाय काढ. ब्रेकला हात लावलास... पाय लावलास तर तंगडी तोडीन. नुसता पाय काढ, आपोआप हळू होऊ दे. एसी बंद कर."

"अगं पण..."

"कुंदन्या, मी तिथे आले ना तर सारिकासमोर चपलेने मारीन!"

तेवढ्यात फोनमध्ये टूं टूं वाजायला लागलं. तिने कानापासून दूर धरून बघितलं. दुसरा फोन येत होता. दवाखान्यातून, बन्सीलालच्या चुलत्याचा. बन्सीलालनेही नाव बघितलं. त्याचा हात फोनकडे आला. तो उचलला तर कुंदन तुटणार होता. त्याने हात तसाच हवेत धरला, मग मूठ वळली आणि मागे घेतली. आवाज वाजत राहिला. पलीकडे वारा कमी होत गेला, आणि मग फक्त इंजिनाचा आवाज उरला.

"नव्वद... आता साठ," कुंदन कुरकुरत म्हणाला. "झालं समाधान?"

"बाजूला घे. सारिकाला दे फोन."

"आत्या," सारिकाचा आवाज आला, "थांबलो. निंबाच्या झाडाखाली आहोत. धूर निघतोय थोडा."

"किल्ली काढून घे त्याच्याकडून. तुझ्या हातात ठेव. गाडी गार झाली की चाळीसच्या वर नाही चालवायची, पार घरापर्यंत. माझी शपथ घाल त्याला."

फोन बन्सीलालच्या हातात दिला आणि मग ती खाली बसली. बन्सीलालने चुलत्याला फोन लावला, ऐकलं, "हां" म्हणाला, परत "हां" म्हणाला.

"पाय काढी ऱ्हायनात," तो म्हणाला. "उजवा. मांडीपाईन. जीव वाचस म्हने, पन पाय नही. मनी सही पाहिजे."

सुनंदाबाई उठली. टेबलाजवळ गेली, फुटलेले तुकडे कोपराने बाजूला सारले आणि उजवा हात टेबलावर पसरून ठेवला. ज्या हाताने पाना फिरवला होता तो. बन्सीलाल तिच्याकडे बघत राहिला, हाताकडे बघत राहिला. मग त्याने रॉड दोन्ही हातांनी उचलला आणि घातला.

तिने हात काढला नाही, दोन घावांच्या मधेसुद्धा नाही. बन्सीलालने रॉड फेकून दिला आणि रडत रडत जीपकडे गेला. त्याची माणसं, त्यातला एक लंगडत, त्याच्या मागे गेली.

ऊन कलल्यावर कुंदनची गाडी आली, सायकलच्या वेगाने. तोवर तिने तोंड धुतलं होतं, हाताला ओलं फडकं गुंडाळलं होतं. सारिका उतरली आणि जागच्या जागी किंचाळली. कुंदनने शेड बघितलं, आईचा जबडा बघितला, फडक्यातून टपकणारं रक्त बघितलं.

"कोणी केलं?" त्याचा आवाज तोतारामचा होता, आणि तिचाही. "आई, नाव सांग फक्त. बन्सीलाल ना? आत्ता जातो. त्याला जिवंत नाही सोडत!" त्याने जमिनीवरचा रॉड उचलला. तोच रॉड.

कूलरचं दार उचललं त्या दुपारनंतर पहिल्यांदा सुनंदाबाईला असा मार बसला होता ज्याला तिने उत्तर दिलं नव्हतं, आणि तो मार तिचा होता. तिला तो पोराच्या हातात द्यायचा नव्हता.

"कूलर पडला अंगावर," ती म्हणाली.

"कूलरने अख्खं शेड फोडलं?"

"हो. माझ्या बापाने दिलेला नव्हता, तुझ्या बापाने केलेला होता. त्याचा मार मला माहीत आहे." ती उठली. डाव्या हाताने भिंतीवरची तार सोडवली आणि सांधलेली प्लेट त्याच्या छातीवर आपटली. "तो रॉड खाली ठेव. आधी ही बसव, मी बघतेय इथे. मग भूपेंद्रकडे जायचं आहे जळगावला. तो शुद्धीवर येईल तेव्हा मी समोर पाहिजे. आणि वाटेत सगळ्यांना फोन लाव, भिंतीवर ज्यांच्या ज्यांच्या टांगल्यात त्यांना."

कुंदन रॉड धरून उभा राहिला. त्याचा श्वास शेडभर ऐकू येत होता. सारिकाने हळूच त्याच्या हातातून तो काढून घेतला. मग तो प्लेट घेऊन तापलेल्या जमिनीवर पाठीवर झोपला आणि गाडीखाली सरकला. सुनंदाबाई बाहेर उभी राहून त्याला कुठला बोल्ट आधी ते सांगत राहिली. तिचा उजवा हात सुजून फडक्याबाहेर आला होता. कुसळांची खाज मात्र आज तिला जाणवत नव्हती.